भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणितज्ञ व ज्योतिषशास्त्रज्ञ होते. सातव्या शतकात याच नावाचे दुसरे एक गणिती होऊन गेल्यामुळे त्यांना भास्कराचार्य दुसरे किंवा द्वितीय भास्कर असे म्हणतात. 'सिद्धान्तशिरोमणी' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित आणि गोल या चारही विषयांतील त्यांच्या कार्यातून एक जुनी कल्पना सतत वावरते : दोरी चढवलेले धनुष्य. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे ज्या आणि दोहोंच्या मध्यावरील अंतर म्हणजे शर, ही परिभाषा भास्कराचार्यांच्या आधीपासून रूढ होती. त्यांनी तिला एवढे सूक्ष्म व सुसंगत रूप दिले, की पुढील कित्येक शतके भारतात ज्या-गणित त्यांच्याच ग्रंथांतून शिकवले गेले.

काळ आणि घराणे

आपल्या जन्माचे व ग्रंथरचनेचे वर्ष भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. सिद्धान्तशिरोमणी पूर्ण झाला तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. म्हणजे तो ग्रंथ इ.स. ११५० चा ठरतो. 'करणकुतूहल' हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ शके ११०५ (इ.स. ११८३) चा आहे. त्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्यांच्या घराण्याचा निश्चित पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडतो. तेथील देवीच्या मंदिरात इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. त्यात त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशा नऊ पिढ्या दिल्या आहेत. महेश्वर हे भास्कराचार्यांचे वडील आणि गुरूही होते. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्याकडे नेले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता.

ग्रंथरचना

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत : 'लीलावती', 'बीजगणित', 'ग्रहगणित' आणि 'गोलाध्याय'. लीलावतीत अंकगणित, क्षेत्रफळे, घनफळे व श्रेढी यांचा समावेश होतो. बीजगणितात ऋण संख्या, करणी, वर्गसमीकरणे आणि चक्रवाल पद्धतीने सोडवलेली अनिश्चित समीकरणे आहेत. उरलेले दोन भाग ग्रहांच्या गती, ग्रहणे, पृथ्वीचा आकार आणि वेधयंत्रे यांसंबंधी आहेत. या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले. नियम सांगून न थांबता तो का खरा आहे हे दाखवणे, हा या भाष्याचा हेतू आहे.

लीलावतीतील उदाहरणांत हंस, भुंगे, व्यापारी आणि योद्धे येतात. वर्गमूळ असलेल्या समीकरणांच्या एका उदाहरणात अर्जुन कर्णाशी लढताना आपल्या बाणांपैकी निम्म्यांनी कर्णाचे बाण अडवतो आणि एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे रोखतो. सहा बाण शल्यासाठी, तीन बाण छत्र, ध्वज व धनुष्यासाठी आणि एक बाण कर्णाच्या मस्तकासाठी खर्च होतो. एकूण बाण शंभर, हे त्याचे उत्तर. ५०, ४० आणि १० यांची बेरीज केली की त्याचा पडताळा येतो.

धनुष्याची भूमिती

वर्तुळखंडाला धनुष्य मानण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. जैन ग्रंथांत जंबुद्वीपातील भरतक्षेत्राचा आकार धनुष्यासारखा मानला आहे, आणि त्याची मापे काढण्यासाठी ज्या, शर व धनु यांचे संबंध दिले आहेत. त्यांपैकी एका नियमानुसार शराच्या वर्गाची सहापट आणि ज्येचा वर्ग यांची बेरीज म्हणजे धनूचा वर्ग. हा नियम स्थूल आहे.

लीलावतीच्या क्षेत्रव्यवहारात भास्कराचार्यांनी वर्तुळाचा व्यास, ज्या आणि शर यांच्यापैकी कोणत्याही दोहोंवरून तिसरे काढण्याची रीत सांगितली. व्यास व ज्या यांची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार करावा. त्याचे वर्गमूळ व्यासातून वजा करून उरलेल्याचे निम्मे करावे. तो शर होय. ग्रंथातील उदाहरणात व्यास १० आणि ज्या ६ आहे. बेरीज १६, वजाबाकी ४, गुणाकार ६४, वर्गमूळ ८. म्हणून शर १ येतो. ही रीत तंतोतंत अचूक आहे, कारण तिच्या मुळाशी काटकोन त्रिकोणाचा नियम आहे.

चापाची लांबी माहीत असताना ज्या काढणे हे याहून कठीण काम आहे. तेथे वर्गमुळाने भागत नाही. त्यासाठी लीलावतीत एक आसन्न सूत्र दिले आहे. परिघातून चाप वजा करून उरलेल्याला चापाने गुणावे. या गुणाकाराला 'प्रथम' म्हणतात. परिघाच्या वर्गाच्या सव्वापटीतून प्रथम वजा करावा आणि त्या संख्येने प्रथम व व्यास यांच्या गुणाकाराच्या चौपटीला भागावे. चाप अर्धवर्तुळाएवढा असेल तर या सूत्राने ज्या बरोबर व्यासाएवढी येते. चाप परिघाच्या सहाव्या भागाएवढा असेल तर ती बरोबर त्रिज्येएवढी येते. मधल्या कोणत्याही चापासाठी चूक व्यासाच्या पाचशेव्या भागाहून कमी राहते. या सूत्राचे मूळ सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या लेखनात आढळते.

वर्तुळाच्या परिघ-व्यासाच्या गुणोत्तरासाठी त्यांनी सूक्ष्म कामाला ३९२७ भागिले १२५० (म्हणजे ३.१४१६) आणि व्यवहाराला २२ भागिले ७ अशी दोन माने दिली आहेत.

भूमिती आणि प्रत्यक्ष धनुष्य

भास्कराचार्यांनी धनुष्य बनवण्याविषयी ग्रंथ लिहिलेला नाही. त्यांचे धनुष्य हे वर्तुळाचे रूपक आहे. तरीही त्यांच्या गणिताचा एक भाग प्रत्यक्ष धनुष्याला जसाच्या तसा लागू पडतो. धनुष्याच्या काठीची लांबी ठरलेली असते. दोरी जितकी आखूड, तितकी काठी अधिक वाकते आणि मुठीपासून दोरीचे अंतर, म्हणजेच शर, वाढतो. काठी वर्तुळाच्या कंसात वाकते असे धरल्यास १५० सेंटिमीटर काठीवर १४५ सेंटिमीटरची दोरी चढवली असता शर सुमारे १६.६ सेंटिमीटर येतो. दोरी १४७ सेंटिमीटर केली तर तो सुमारे १२.९ सेंटिमीटरवर उतरतो. दोरीतील दोन सेंटिमीटरचा फरक शरात पावणेचार सेंटिमीटर होऊन दिसतो. दोरीला थोडा पीळ देऊन तिची लांबी किंचित कमी करण्याची आणि धनुष्य नेमके जुळवून घेण्याची तिरंदाजांची रीत याच नात्यावर आधारलेली आहे.

हा शर बाणाच्या वेगाशीही निगडित आहे. शर लहान असेल तर सुटलेली दोरी बाणाला अधिक अंतरापर्यंत ढकलत राहते आणि त्याला अधिक ऊर्जा मिळते. तो फारच लहान असेल तर दोरी मनगटावर आपटते. मात्र ही ऊर्जा किती, हे केवळ भूमितीवरून सांगता येत नाही. त्यासाठी काठी वाकवायला प्रत्येक टप्प्यावर किती बल लागते हे माहीत असावे लागते. ताण आणि बल यांच्या प्रमाणाचा नियम रॉबर्ट हूक यांनी इ.स. १६७८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि वाकलेल्या लवचीक पट्टीच्या वक्रांचे गणित लिओनार्ड ऑयलर यांनी इ.स. १७४४ मध्ये मांडले. प्रत्यक्ष धनुष्याचे सविस्तर गतिगणित विसाव्या शतकात झाले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९२९ पासून बाणाचा वेग मोजणारे प्रयोग केले आणि १९३७ मध्ये धनुष्य व बाण यांच्या गतीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. काठीत साठलेल्या ऊर्जेतील काही वाटा काठी व दोरी यांना हलवण्यातच खर्च होतो. म्हणून टोकाकडे हलकी आणि ताण सर्वत्र सारखा वाटून घेणारी काठी अधिक कार्यक्षम ठरते. हिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे अर्धगोल छेदाच्या जुन्या इंग्लिश धनुष्याच्या जागी चपट्या, आयताकृती छेदाच्या काठ्यांचा पुरस्कार झाला. आकाराचे गणित आणि बलाचे गणित या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. भास्कराचार्यांचे कार्य पहिल्या पायरीवरचे आहे.

ज्योत्पत्ती

ज्योतिषात पूर्ण ज्येपेक्षा अर्धी ज्या सोयीची ठरते. म्हणून दुप्पट चापाच्या ज्येच्या निम्म्या रेषेलाच पुढे 'ज्या' म्हणू लागले. हीच आजची साइन. तिच्या काटकोनातील जोडीदार रेषेला कोटिज्या किंवा कोज्या म्हणतात. धनुष्याच्या टोकाला कोटी म्हणतात, त्यावरून हे नाव आले. शराला उत्क्रमज्या असेही नाव आहे. तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची, ज्या ही वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी असते. त्यामुळे त्या अंतराला 'त्रिज्या' हे नाव पडले. मराठी शाळांतील विद्यार्थी आजही त्रिज्या आणि जीवा हे शब्द वापरतात. दोन्ही शब्दांत धनुष्याची दोरीच आहे. 'जीवा' हा शब्द अरबीत ध्वनीने उचलला गेला, तेथे त्याचे वाचन बदलले आणि बाराव्या शतकात त्याचे लॅटिनमध्ये 'सायनस' असे भाषांतर झाले. युरोपीय भाषांतील साइन तेथून आली.

ग्रहांची स्थाने, ग्रहणाची वेळ आणि दिनमान हे सर्व ज्यांच्या कोष्टकावर अवलंबून असते. कोष्टकातील चूक पुढे प्रत्येक गणितात उतरते. पूर्वीच्या ग्रंथांप्रमाणे सिद्धान्तशिरोमणीतही त्रिज्या ३४३८ कला धरून ३ अंश ४५ कलांच्या अंतराने चोवीस ज्या दिल्या आहेत. पण भास्कराचार्यांनी गोलाध्यायाला जोडलेल्या 'ज्योत्पत्ती' या प्रकरणात ज्या निर्माण कशा करायच्या हेच शिकवले. १८ आणि ३६ अंशांच्या ज्या, तसेच दोन चापांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम तेथे आहेत. एकेका अंशाने पुढे सरकण्याचा नियमही त्यांनी दिला. ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा आणि कोज्येची दहापट भागिले ५७३ एवढी रक्कम मिळवावी, म्हणजे पुढच्या अंशाची ज्या मिळते. या दोन अपूर्णांकांतून एक अंशाच्या कोज्येचे मान सात, तर ज्येचे मान सहा दशांश स्थळांपर्यंत जवळपास अचूक मिळते.

वेधासाठी वापरायच्या साधनांतही धनुष्य आहे. गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात पूर्ण वर्तुळाचे चक्रयंत्र, त्याच्या अर्ध्या भागाचे चापयंत्र आणि चौथ्या भागाचे तुरीययंत्र वर्णिले आहे. भास्कराचार्यांनी स्वतः योजलेले फलकयंत्रही तेथेच आहे.

तात्कालिक गती

ग्रहाची रोजची गती काढण्यासाठी दोन लागोपाठच्या दिवसांतील स्थानांची वजाबाकी पुरते. चंद्रासारख्या वेगवान ग्रहाच्या बाबतीत मात्र दिवसभरात गती बदलत जाते. त्यामुळे भास्कराचार्यांनी विशिष्ट क्षणाची, म्हणजे तात्कालिक, गती काढण्याची रीत दिली. चाप किंचित वाढला असता ज्येत होणारी वाढ कोज्येच्या प्रमाणात असते, हे त्या रीतीचे सूत्र आहे. ग्रहाच्या स्थानातील संस्कार जेथे सर्वाधिक असतो तेथे त्याच्या बदलाचा वेग शून्य होतो, हेही त्यांनी ओळखले होते. आधुनिक कलनशास्त्रातील साइनच्या विकलनाशी या कल्पनांचे साम्य उघड आहे. तथापि, कोणत्याही फलनाला लागू पडणारी सर्वसाधारण पद्धत त्यांनी मांडलेली नाही.

गोलाध्यायात पृथ्वी निराधार असून जड पदार्थांना आपल्याकडे ओढते, असे प्रतिपादन आहे. पृथ्वीला आधार देणाऱ्या प्राण्यांची कल्पना त्यांनी तर्काने खोडून काढली. या आकर्षणाचे परिमाण किंवा अंतराशी असलेले त्याचे नाते मात्र त्यांनी दिलेले नाही. त्यामुळे न्यूटनचा नियम त्यांनी आधीच शोधला होता, हे लोकप्रिय विधान ग्रंथाच्या आधाराने टिकत नाही.

पाटणचा मठ

ग्रंथ टिकण्यासाठी तो शिकवला जावा लागतो. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. या मठाला स्थानिक निकुंभ घराण्यातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी दिलेल्या दानांची नोंद पाटणच्या शिलालेखात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. बाजारपेठेतून मठाला मिळायच्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत आहे. आरंभीच्या मराठी कोरीव लेखांत त्याची गणना होते. याच यादव राज्यात पुढे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरीची रचना झाली.

मठ पुढे नाहीसा झाला, पण ग्रंथांच्या प्रती देशभर पसरल्या होत्या. त्यांच्यावर अनेक टीका लिहिल्या गेल्या. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. केरळातील नीलकंठ यांनी चाप, ज्या आणि शर यांच्या जुन्या नियमातील सहापट हा गुणक सुधारून पाच पूर्णांक एक तृतीयांश केला. लहान चापांसाठी तो बराच अधिक अचूक आहे.

अनुवाद आणि पुनर्शोध

अकबराच्या आज्ञेवरून फैझीने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर इ.स. १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले. पुढच्याच वर्षी हेन्री कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित यांची भाषांतरे लंडनहून प्रसिद्ध केली. पाटणचा शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यांचा लेख इ.स. १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भास्कराचार्यांच्या घराण्याला ऐतिहासिक आधार मिळाला.

सिद्धान्तशिरोमणीच्या आधुनिक अभ्यासात नेवासे तालुक्याशी नाते असलेल्या एका पंडिताचा वाटा मोठा आहे. बापूदेव शास्त्री (मूळ नाव नृसिंह, जन्म इ.स. १८२१) यांचे घराणे गोदावरी-प्रवरा संगमावरील टोके या गावचे होते. नागपूर येथे त्यांनी लीलावती व बीजगणिताचे अध्ययन केले. सिहोर येथील इंग्रज अधिकारी लॅन्सेलॉट विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी हेरून त्यांना पुढील शिक्षणासाठी तेथे नेले. त्यानंतर काशीच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून दिले, आणि ते इ.स. १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १८६६ मध्ये त्यांनी सिद्धान्तशिरोमणीची संपादित आवृत्ती काढली.

त्याआधी, इ.स. १८५८ मध्ये, भास्कराचार्यांना विकलनाचे तत्त्व माहीत होते असे प्रतिपादन करणारा बापूदेवांचा निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. दोनच वर्षांनी इंग्रज गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी लंडनमध्ये त्या दाव्याची चिकित्सा केली. भास्कराचार्यांची कल्पना कलनाच्या जवळची असली तरी ती पूर्ण पद्धत म्हणता येईल का, हा वादाचा मुद्दा होता. भारतीय गणिताचे मोल त्याच्या स्वतःच्या परिभाषेत मोजायचे की युरोपीय शोधांच्या मापाने, हा प्रश्न त्या चर्चेने अभ्यासकांपुढे ठेवला.

मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात भास्कराचार्यांच्या कार्याचा साधार आढावा घेतला. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये लीलावतीची टीकांसह आवृत्ती प्रसिद्ध केली. ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन' या पुस्तकाने हा ग्रंथ मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला.

आख्यायिका

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजल्यामुळे तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहिला गेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ही कथा फैझीच्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत किंवा पाटणच्या शिलालेखात तिला आधार नाही. ग्रंथातील काही उदाहरणे एका तरुणीला उद्देशून आहेत, एवढे मात्र खरे.

वारसा

भारताने ७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी सोडलेल्या भास्कर-१ व भास्कर-२ या पृथ्वीनिरीक्षण उपग्रहांची नावे दोन्ही भास्करांच्या स्मरणार्थ ठेवण्यात आली. पाटण येथील शिलालेख आजही मंदिरात आहे. कंसाची जीवा, वर्तुळाची त्रिज्या आणि कोनाची ज्या ही नावे ज्या धनुष्यावरून आली, त्याचे सूक्ष्म गणित शिकवण्यासाठी एकेकाळी याच गावात स्वतंत्र मठ चालत होता, याची तो साक्ष देतो.